जुजबंदीची तीनशे पानी नोंदवही : अपघातानंतरच्या वीस महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका अरुंद बोळात पुस्तकबांधणीचे एक जुने दुकान आहे. त्याला पाटी नाही. दारात कापलेल्या पुठ्ठ्यांचे ढीग आणि आत पुस्तके दाबून धरायचा लाकडी शिकंजा दिसला की तेच दुकान समजावे. आसपासच्या शाळांची हजेरीपुस्तके, सोसायट्यांची इतिवृत्ते आणि देवस्थानांच्या खतावण्या तेथे बांधल्या जातात. मार्च २०२४ मध्ये माझ्या यजमानांनी तेथून तीनशे पृष्ठांची एक वही मुद्दाम बांधून आणली. तिला ४२० रुपये पडले आणि चार दिवस लागले. मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा करण्यासाठी मी ती वीस महिने रोज वापरली, न्यायाधिकरणासमोर नेली, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांनी ती पानोपानी चाळली. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. आपल्या भागात महामार्गावर अपघात झालेले घर शोधायला फार लांब जावे लागत नाही, आणि त्या घरांमध्ये भरपाईची गोष्ट निघते तेव्हा कागद सापडत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे.

११ मार्च २०२४ रोजी, सोमवारी, पालीहून हातखंब्याकडे येताना एका टेम्पोने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने मला जिल्हा शासकीय रुग्णालयात नेले आणि तिसऱ्या दिवशी एका खासगी रुग्णालयात उजव्या मनगटात प्लेट बसवण्यात आली. डाव्या घोट्याच्या हाडालाही चीर गेली होती. मी घरी आमसुले, कोकम आगळ, आंबापोळी आणि फणसपोळी करून विकते. म्हणजे वर्षाची बहुतेक कमाई एप्रिल ते जून या तीन महिन्यांत होते, आणि ती दोन मनगटांच्या जोरावर होते. हंगाम तोंडावर आला होता. रुग्णालयातून घरी आल्यावर आमच्या वकीलबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, शिवलेली, पृष्ठक्रमांक घातलेली आणि तारखा न छापलेली वही घ्या, आणि आजपासून लिहा.

या तिन्ही अटींना कारण आहे. सुटे कागद मागाहून घातले किंवा काढले असा आक्षेप सहज घेता येतो. स्पायरलच्या वहीतून पान फाडले तर मागमूस राहत नाही. तारखा छापलेल्या दैनंदिनीत ज्या दिवशी काही लिहिले नाही ते पान कोरे राहते, आणि मग ‘त्या दिवशी तुम्हाला काही त्रास नव्हता का’ असा प्रश्न येतो. शिवाय एखाद्या दिवशी पान पुरत नाही आणि मजकूर समासात चढतो. बाजारातली तयार रजिस्टरे आम्ही आधी पाहिली. त्यांची पाने आतून गोंदाने चिकटवलेली असतात. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमटपणात असा गोंद पहिल्याच पावसाळ्यात सैल पडतो आणि मधली पाने सुटून हातात येतात. दाव्याच्या वहीचे पान सुटणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

बांधणीबद्दल मी समाधानी आहे आणि ते समाधान उगीच नाही. ही वही जुजबंदीची आहे, म्हणजे आठ-आठ पानांचे जुज घडी करून प्रत्येक जुज मधोमध दोऱ्याने शिवलेला आहे आणि मग सगळे जुज पाठीकडून एकमेकांना बांधलेले आहेत. एक पान ओढून काढले तर त्याच्या जोडीचे पान सैल होते आणि घडीत फाटकी कड राहते. त्यामुळे पान काढलेले नाही हे वहीच सांगते. पाठीला जाड सुती कापड आहे. चिकटवायच्या खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घातलेला आहे. दुकानदार काकांनी तो यजमानांना वाटीत दाखवलासुद्धा. साध्या पिठाच्या खळीवर कसर आणि झुरळे येतात, आणि मोरचुदामुळे ती फिरकत नाहीत, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. वीस महिन्यांत माझ्या वहीला कसर लागली नाही. त्याच कपाटात ठेवलेल्या शिधापत्रिकेच्या कडा मात्र तिने कुरतडल्या.

कागद जाडसर लेजर पेपर आहे. त्यावर बॉलपेनचे अक्षर उत्तम राहते. जेल पेनचे अक्षर पहिल्या जुलैतच फुटले. शाईचे बारीक तंतू अक्षराभोवती पसरले आणि ४ चा आकडा ९ सारखा दिसू लागला. रकमा लिहायच्या असतील तर हा धोका पत्करू नये. तेव्हापासून मी फक्त निळ्या बॉलपेनने लिहिले.

या वहीची खरी खुबी तिच्या मधल्या पट्ट्यांत आहे. वकीलबाईंनी बिले चिकटवायची आहेत असे सांगितले होते, म्हणून काकांनी शेवटच्या शंभर पानांमध्ये दर दोन पानांमागे बोटभर रुंदीची कागदी पट्टी शिवून घातली. बिले चिकटवली की वही फुगते आणि शिलाईवर ताण येतो. या पट्ट्यांमुळे ती जागा आधीच सोडलेली असते. माझ्या वहीत २१३ बिले आणि पावत्या आहेत, तरी ती सपाट मिटते. मागच्या पुठ्ठ्याला आतून खाकी कागदाचा खिसा आहे. त्याचे महत्त्व मला नंतर कळले.

बिलांबाबत एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. औषधांच्या दुकानातली, पेट्रोल पंपावरची आणि एसटीच्या यंत्रातून निघणारी पावती बहुधा उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदाची असते. त्या कागदावर शाई नसते, रसायनाचा थर असतो. ऊन, उष्णता आणि मऊ प्लॅस्टिक यांच्या सहवासात त्यावरचे अक्षर उडून जाते. सुरुवातीला मी अशा पावत्या नीट राहाव्यात म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातल्या. मे महिन्यात पाकीट उघडले तेव्हा नऊ पावत्या पांढऱ्या झाल्या होत्या. सहा औषधांच्या होत्या. दुकानदाराने दुसरी प्रत काढून दिली. बाकीच्या तीन गेल्या. तेव्हापासून पावती हातात येताच त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढायची, झेरॉक्स वहीत चिकटवायची आणि मूळ पावती कागदी लिफाफ्यात ठेवून खिशात टाकायची, असा नियम केला. स्टेपलर कधीही वापरू नये. आपल्या हवेत पिन महिन्याभरात गंजते आणि तिचा तांबडा डाग नेमका रकमेवर उतरतो.

लिहायचे काय, हा वहीपेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि वहीचे परीक्षण त्याशिवाय पुरे होणार नाही. पहिले आठ दिवस वही हातात आली नव्हती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून माझ्या पुतणीने शाळेच्या वहीच्या सुट्या पानांवर मी सांगितले ते लिहिले. वही आल्यावर ती पाने सुवाच्य अक्षरात उतरवून मूळची टाकून द्यावीत असे घरात ठरत होते. वकीलबाईंनी ते थांबवले. नोंदी वहीत उतरवल्या, पण वर स्पष्ट लिहिले की, ‘११ ते १८ मार्चच्या नोंदी सुट्या पानांवरून २४ मार्च रोजी उतरवल्या आहेत, लिहिणारी माझी पुतणी, सांगणारी मी’, आणि मूळ पाने मागच्या खिशात ठेवली. पुढेही जुलैपर्यंत प्रत्येक नोंदीखाली पुतणीची सही आणि माझ्या डाव्या हाताचा अंगठा आहे. २ जुलैपासून अक्षर माझे आहे, वाकडे आणि मोठे. ते अक्षर हळूहळू कसे सुधारत गेले हे पाने उलटताना दिसते. तो पुरावा मी ठरवून केलेला नाही, पण माझ्या मनगटाविषयी तो बरेच सांगतो.

पहिल्या पंधरवड्यात आम्ही अकरा वेळा ‘आज फार दुखले’ एवढेच लिहिले होते. ते वाचून वकीलबाई म्हणाल्या, “ताई, दुखले हे कोणीही लिहील. दुखण्यामुळे तुमचे काय करायचे राहिले, ते लिहा.” त्या दिवसापासून नोंदींचा सूर बदलला. त्यातली एक जशीच्या तशी देते:

‘१९ मे २०२४, रविवार. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी मनगटातल्या कळेने जाग आली; गोळी घेतली, साडेपाचला डोळा लागला. सकाळी रातांबे फोडायला बसले. सात फोडले. आठव्याला अंगठ्यात जोर येईना, फळ निसटले. जाऊबाईंनी उरलेली पाटी फोडली. दुपारी आमसुले उलटताना परात एका हाताने धरता आली नाही. संध्याकाळी केस विंचरून घेतले पुतणीकडून. आज बाईमाणूस लावले नाही.’

यात ‘असह्य’, ‘भयंकर’ असा एकही शब्द नाही. सात फळांचा आकडा आहे, परात आहे, केस आहेत. भरपाई ठरवताना न्यायालये नेमके हेच पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या क्षमतेतील घट नव्हे. त्या इजेमुळे त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला हे न्यायाधिकरणाने तपासायचे असते. माझ्या दाखल्यावर १८ टक्के लिहिले आहे. खुर्चीत बसून शिकवणाऱ्या माणसाच्या मनगटाचे १८ टक्के आणि रातांबे फोडणाऱ्या, रस आटवताना तासभर कालथा फिरवणाऱ्या बाईच्या मनगटाचे १८ टक्के सारखे नसतात. दाखला ते सांगू शकत नाही. वही सांगते. पुढच्या उत्पन्नाचा हिशेब करताना वयाप्रमाणे ठरलेला गुणक लावतात. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ या वयासाठी तो १४ आहे, आणि अपघाताच्या वेळी माझे वय ४३ होते. वर्षाच्या घटीचा आकडा जो धरला जाईल त्याला चौदाने गुणले जाणार असेल, तर तो आकडा अंदाजाने सांगून कसे चालेल?

म्हणून कमाईची नोंद हा वहीतला दुसरा महत्त्वाचा भाग ठरला. माझ्याकडे पगाराची चिठ्ठी नाही आणि प्राप्तिकराचे विवरणपत्रही नाही. सुदैवाने मी मालाची साधी वही दर वर्षी ठेवते. २०२२ आणि २०२३ च्या त्या वह्यांमध्ये पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची मागणी, किलो, लिटर आणि मिळालेले पैसे आहेत. पैसे बँकेच्या खात्यात आल्याच्या नोंदी पासबुकात आहेत. २०२४ च्या हंगामात ज्यांनी मागणी केली आणि ज्यांना मी नाही म्हटले, त्यांची नावे, तारखा आणि किलो मी नव्या वहीत लिहिले. ‘या वर्षी आमसुले करता येणार नाहीत’ असा माझा निरोप आणि त्यावरचे त्यांचे उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवले. मदतीला लावलेल्या बाईची मजुरी रोज लिहिली आणि महिन्याच्या शेवटी तिची सही घेतली. जाऊबाईंनी आणि पुतणीने जे काम केले त्याचे पैसे दिले नव्हते, तरी तासांसह लिहिले, कारण घरच्यांनी केलेली सेवा फुकट होती म्हणून तिचे मोल शून्य होत नाही. घरकामाचेही तसेच आहे. गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि भरपाईत ते धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा एकदा सांगितले आहे. आपल्याकडच्या बायका हे लिहीत नाहीत. त्यांना ते लिहिण्यासारखे वाटतच नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रवासाचा खर्च आम्ही आधी सोडून दिला होता, कारण रिक्षावाला पावती देत नाही. मग वहीत तारीख, कोठून कोठे, कशासाठी आणि किती रुपये असे चार रकाने आखले आणि शेजारी रिक्षावाल्याची सही घेऊ लागलो. कोणी कुरकुर केली नाही. फिजिओथेरपीच्या ४६ फेऱ्यांचा हिशेब त्या रकान्यांत आहे, आणि त्या तारखा रुग्णालयाच्या कार्डावरील तारखांशी जुळतात. जुळणे महत्त्वाचे आहे.

रोज ताडून पाहण्याची सवय लागल्यामुळेच एक गंभीर चूक वेळीच सापडली. खासगी रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर एका ठिकाणी ‘डावे मनगट’ असे लिहिले गेले होते. शस्त्रक्रियेच्या नोंदीत आणि एक्स-रेवर उजवे होते, कार्डाच्या शेवटच्या परिच्छेदात डावे. मजकूर वहीत उतरवताना पुतणीच्या हे लक्षात आले. पाचव्या दिवशी आम्ही कार्ड घेऊन गेलो आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी, तारखेसह दुरुस्ती करून घेतली. हीच चूक दीड वर्षाने विमा कंपनीच्या वकिलांना सापडली असती, तर त्या वेळी केलेल्या दुरुस्तीकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असते याची कल्पना करता येते.

पोलिसांच्या कागदांसाठी मी पहिली दहा पाने राखली होती. त्यांवर गुन्हा क्रमांक, पंचनाम्याची तारीख, टेम्पोचा नोंदणी क्रमांक, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि कोणाकडे कोणता कागद कधी मागितला याची नोंद आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि जखमी व्यक्तीने आपली माहिती ठरलेल्या नमुन्यात पोलिसांना द्यायची असते. तो नमुना आम्ही वही समोर ठेवून एका बैठकीत भरला. त्याच तारखेपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची मुदतही लागू झाली आहे. आमचा अर्ज ऑगस्टमध्ये दाखल झाला. ‘आधी बरे होऊ या, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांचे सहा महिने प्लॅस्टर आणि फिजिओथेरपी यांतच निघून जातात, म्हणून मुदतीची तारीख मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली होती.

आता वहीतले दोष. वही जड आहे. भरल्यावर माझी वही दीड किलोच्या पुढे गेली, आणि जिचा हात जायबंदी आहे तिला ती एका हाताने कपाटातून काढता येत नाही. काकांनी हीच पाने दोन खंडांत बांधून दिली असती तर बरे झाले असते. समास अरुंद आहे. मागाहून सुचलेली गोष्ट तारीख घालून समासात लिहावी म्हटले तर जागा नाही. पाठीच्या कापडावर जुलैत पांढरी बुरशी आली. ती कोरड्या फडक्याने पुसून वही दोन दिवस चुलीजवळच्या फळीवर ठेवली, तेव्हा गेली, पण कापडावर फिकट डाग राहिला.

सर्वांत मोठा दोष पृष्ठक्रमांकांचा. क्रमांक नंबरिंग मशीनने छापलेले आहेत आणि माझ्या वहीत ११७ हा क्रमांक दोन पृष्ठांवर आहे. मला ते ऑक्टोबरमध्ये त्या पानावर पोचल्यावर कळले. यजमान वही घेऊन दुकानात गेले. काकांनी लगेच ओळखले: नंबरिंग मशीनला एक खिटी असते, एकच क्रमांक दोनदा उमटावा अशी ती लावता येते, कारण बिलबुकांत मूळ आणि प्रत यांना सारखाच क्रमांक लागतो. माझी वही अर्धी झाली असताना त्यांनी मधे एका गिऱ्हाइकाची बिलबुके उरकली आणि परत आल्यावर खिटी बदलायची राहिली. एक पान गेल्यावर लक्षात आले आणि त्यांनी ती बदलली, पण छापलेला क्रमांक तसाच राहिला. ते म्हणाले, “वहिनींना सांगा, चूक माझी. खोडायचे काही नाही, लिहून देतो.” दुसऱ्या ११७ व्या पृष्ठावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून तारखेसह सही केली. काम करणाऱ्याच्या हातून चूक होते. ती झाकण्याऐवजी लिहून देणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो, आणि या दुकानाची शिफारस करण्यामागे ते एक मोठे कारण आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी उलटतपासणी झाली. घटना घडली तेव्हा किंवा त्यानंतर लवकरच स्वतः केलेली टिपणे पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते, पण मग विरुद्ध पक्षालाही ती टिपणे पाहण्याचा आणि त्यांवर प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. ही गोष्ट वही सुरू करण्याआधीच प्रत्येकाने समजून घ्यावी. वकिलाला खासगीत सांगायच्या गोष्टी, टेम्पोचालकाबद्दलचा राग, किती पैसे मिळतील याचे अंदाज, यांपैकी काहीही या वहीत येता कामा नये. माझ्या वहीत ते नव्हते. विमा कंपनीच्या वकिलांनी दोन ११७ क्रमांकांवर बोट ठेवलेच. काकांची दोन ओळींची टीप वाचून त्यांनी पान उलटले.

मग त्यांनी एक छायाचित्र पुढे केले. ७ सप्टेंबर २०२४ चे, गणेश चतुर्थीचे. आमच्या एका नातलगाने समाजमाध्यमावर टाकलेल्या त्या छायाचित्रात मी मोदकांच्या ताटापुढे बसले आहे आणि माझ्या उजव्या हातात पारी आहे. “हात चालत नाही म्हणता, आणि मोदक वळता?” असा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मीही तो विचारला असता. मी त्या दिवसाची नोंद पाहण्याची परवानगी मागितली. तीत लिहिले होते: ‘आज मोदक वळायला बसले. दोन वळले, पहिल्याला नऊ कळ्या पडल्या, दुसऱ्याला सात. तिसऱ्या पारीला अंगठा आणि तर्जनी जुळेना, पारी फाटली. बाकीचे एकोणीस पुतणीने आणि जाऊबाईंनी वळले. बरे वाटले की दोन तरी झाले. रात्री मनगट सुजले, बर्फ लावला.’ न्यायाधीशांनी ती नोंद स्वतः वाचली. वहीत फक्त वाईट दिवस असते, चांगल्या दिवशी मी काही लिहिलेच नसते, किंवा त्या दिवशी ‘हात अजिबात चालत नाही’ असे लिहिले असते, तर त्या छायाचित्राने माझी उरलेली सगळी पाने खोटी पाडली असती.

निकाल अजून यायचा आहे. वहीने दावा सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. बिले, एक्स-रे, डॉक्टरांची साक्ष आणि अपंगत्वाचा दाखला यांची जागा ती घेऊ शकत नाही. पण हे सगळे कागद जेथे एकमेकांना भेटतात ती जागा वही आहे.

मोबाइलमध्येच सगळे का लिहू नये, असे पुष्कळ जण विचारतात. फोटो मोबाइलवर अवश्य काढावेत: स्कूटरची स्थिती, टाक्यांची जखम, सुजलेला घोटा, आठवड्यागणिक. मात्र मूळ फोटो ज्या फोनमध्ये काढला त्यातच राहू द्यावा. व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत तो कधी काढला याची आतली माहिती बहुधा राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल नोंदी दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा फोन बदलण्याआधी वकिलांना विचारावे. उलट वहीचाही एक मोठा धोका आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा माझ्या मावशीच्या घरातले सगळे कागद कपाटासकट गेले. जुजबंदी असो वा मोरचूद, पुरापुढे काही चालत नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला पुतणी वहीच्या नव्या पानांचे फोटो काढते आणि ते पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाला पाठवते.

गेल्या महिन्यात संगमेश्वरजवळ जाऊबाईंच्या भावाचा अपघात झाला. त्याच्यासाठी आम्ही काकांना नवी वही सांगितली आहे: दीडशे पानांचे दोन खंड, समास दीड इंच, पट्ट्या दोन्ही खंडांच्या शेवटी, आणि क्रमांक घालून झाल्यावर पाने एकदा मोजून पाहायची. त्याच्या बायकोने पहिल्या सहा दिवसांच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांमागे लिहिल्या आहेत. ती पाने घडी न घालता बसावीत म्हणून मागचा खिसा मोठा करायला सांगितला आहे. मापासाठी एक पान काकांकडे दिले आहे, आणि ते वहीबरोबर परत आणायचे आहे.